होल्यांचा जोडा

ऋण काढून सण करू नये असे आपण एकमेकांना सांगतो, आणि सण दारात आला की तेच करतो. परंडा तालुक्यातल्या सोनारीसारख्या गावाला हे वेगळे सांगायला नको. हे काळभैरवनाथाचे गाव. चैत्रातल्या यात्रेला लांबलांबची माणसे इथे येतात, आणि सणासाठी माणूस पदरमोड कशी करतो, का करतो, हे या गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. नाताळ मात्र डिसेंबरात येतो, आणि या भागातल्या कष्टकऱ्याच्या हातात डिसेंबरात सहसा पैसा नसतो. सोयाबीनचे आलेले पैसे दिवाळीत आणि उसनवारी फेडण्यात गेलेले असतात. रब्बीची ज्वारी अजून रानात उभी असते. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याने, म्हणजे मुकादमाच्या वहीतल्या एका कोयत्याने, घेतलेली उचल हंगामाआधीच खर्ची पडलेली असते, आणि पुढचे महिने ती फेडण्यासाठीच राबायचे असते. अशा महिन्यात ज्या घराचा वर्षातला सगळ्यांत मोठा सण येतो, त्या घराने तो कसा करावा?

मराठी ख्रिस्ती समाजाला हा प्रश्न नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, १८३१ साली काम सुरू केले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ पासून निघू लागले. पुढे नगर, सोलापूर आणि मराठवाड्याच्या पट्ट्यात ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांत शेतमजूर आणि गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतली माणसे मोठ्या संख्येने होती. त्यांचा नाताळ पहिल्यापासून बेताच्या पैशांतलाच. तेव्हा अडचण पैशांची होती. आज तिच्यात बाजाराची भर पडली आहे. मोबाईलच्या पडद्यावर झाडाखाली रंगीत खोक्यांचा ढीग दिसतो आणि त्या ढिगालाच नाताळ म्हणतात असे लेकरांना वाटू लागते. म्हणून नाताळात भेटवस्तू घ्याव्यात की नाही, हा वाद नीट मांडून घ्यावा असे वाटले. त्यासाठी दोन माणसे कल्पिली आहेत. सोनारीत एका ओसरीवर बसलेली मावशी निवृत्त शिक्षिका आहे. तिचा भाचा पुण्यात नोकरी करतो आणि घरच्या कर्जाचे हप्ते भरतो. माणसे कल्पित असली तरी त्यांच्या बाजू खऱ्या आहेत, आणि त्या दोन बाजूंमधून वाट काढणे हे माझे काम आहे.

भाचा : मावशी, यंदा कुणाला काही घ्यायचं नाही असं मी ठरवलंय. कपडे नाहीत, खेळणी नाहीत, वस्तू नाहीत. पैसे नाहीत हे एक कारण आहेच, पण तेवढंच नाही. भेटवस्तू हा नाताळचा गाभाच नव्हे. युरोपातसुद्धा सगळीकडे पंचवीस तारखेला भेटी देत नाहीत. हॉलंडमध्ये लेकरांना भेटी मिळतात त्या सेंट निकोलसच्या नावानं, ५ डिसेंबरच्या संध्याकाळी. स्पेनमध्ये मिळतात ६ जानेवारीला, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या मागी लोकांच्या, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी माणसांच्या सणाला. म्हणजे भेटीची तारीख वेगळी आणि ख्रिस्तजन्माची वेगळी, अशी रीत कित्येक ख्रिस्ती देशांत आजही चालू आहे. आणि वस्तूंचा हिशेब म्हणशील तर जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं १९९३ साली तो मांडून दाखवला. त्यानं विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्हांला मिळालेल्या भेटी स्वतः विकत घ्यायच्या असत्या तर किती पैसे मोजले असते? उत्तरांवरून त्यानं अंदाज काढला की भेटीवर खर्च झालेल्या पैशांतला दहावा भाग ते तिसरा हिस्सा वायाच जातो. श्रीमंत देशाला ते परवडत असेल. आपल्याकडं वाया घालवायला दहावा भागही नाही.

मावशी : हिशेब बरोबर आहे, बाळा, पण अर्धा आहे. त्या गृहस्थांनी प्रश्न विचारतानाच सांगितलं होतं की भेटीमागची माया बाजूला ठेवा आणि निव्वळ वस्तूची किंमत करा. माया आधीच काढून ठेवली, मग उरलेलं स्वस्तच निघणार. चैत्रात या गावची यात्रा भरते तेव्हा बघ. ज्याच्या खिशात परतीच्या भाड्यापुरतेच पैसे आहेत, असा बापसुद्धा लेकराला एक पिपाणी नाहीतर फुगा घेतल्याशिवाय घरी जात नाही. पिपाणी दोन दिवसांत फुटते हे त्याला ठाऊक असतं. तुझ्या अर्थशास्त्रज्ञाला त्यात पैसे बुडालेले दिसतील. पण जत्रेत सगळ्यांना काही ना काही मिळालं आणि मलाही मिळालं, हे लेकरू जन्मभर धरून ठेवतं. गरिबाला साधेपणा शिकवायला सगळेच पुढे येतात. ज्याचा साधेपणा त्यानं स्वतः निवडलेलाच नाही, त्याला तो पुण्य म्हणून सांगणं मला पटत नाही. आणि सण सोलून सोलून नुसता उपदेश उरवला की माणसं तो सोडून देतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स वसाहतीतल्या प्युरिटन लोकांनी १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला. १६८१ साली तो कायदा मागे घ्यावा लागला.

मावशीचा आक्षेप खरा आहे. काटकसरीचा सण या विषयावर जे लिहिले जाते त्यातले बरेचसे अशा माणसांचे असते, ज्यांना वाटेल तेव्हा काटकसर सोडून देता येते. सोनारीच्या शिवारातला कोयता ती सोडू शकत नाही. त्याला ‘वस्तूंत सुख नाही’ असे सांगणे म्हणजे भुकेल्याला उपवासाचे महत्त्व सांगण्यासारखे आहे. म्हणून भेटी नकोत ही बाजू मांडायची तर ती वस्तू तुच्छ आहे या आधारावर मांडता येणार नाही. दुसरा आधार लागेल, आणि भाच्यापाशी तो आहे.

भाचा : वस्तू वाईट असं मी म्हणतच नाही. वस्तू उधारीवर येते, ते वाईट आहे. आता पिपाणी कोण मागतं? पोरं मागतात ती सायकल, मोबाईल, चमकणारे बूट, आणि दुकानदार म्हणतो, आज काही देऊ नका, महिन्याला थोडं थोडं द्या. सायकलीचं कौतुक पंधरा दिवस टिकतं, हप्ते टिकतात पुढच्या नाताळपर्यंत. बायकांच्या गटाच्या कर्जाचं तर विचारूच नको. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या बाया तिच्या दारात उभ्या राहतात. ज्या सणाचा निरोप शांतीचा आहे, तो करून घरात आठवड्याच्या आठवड्याला धास्ती आणायची का? आणि बरोबरी करायला गेलं तर तिला तळ नाही. शेजारच्या पोराला सायकल मिळाली म्हणून आपण सायकल घेतली, तर तोवर त्याच्याकडं दुसरं काही आलेलं असतं. आपल्या दसऱ्याकडं बघ. आपट्याचं पान देतो आणि म्हणतो सोनं घ्या. पानाला किंमत शून्य, तरी घेणारा पाया पडून घेतो. सगळ्या महाराष्ट्राला जे दसऱ्याला जमतं, ते आपल्याला नाताळात का जमू नये?

मावशी : जमेल, पण दसऱ्याला ते का जमतं हे आधी बघ. त्या दिवशी पाटीलही पानच देतो आणि सालगडीही पानच देतो, म्हणून ते सोनं होतं. समज, पाटलांनी एकमेकांना खरं सोनं द्यायचं आणि सालगड्यानं पान द्यायचं अशी रीत असती, तर ते पान सोनं झालं नसतं. त्याच्या गरिबीचा पुरावा झालं असतं. तुझ्या बेतात हीच चूक आहे. तू एकटा तुझ्या घरात भेटी बंद करणार. तुझी पोरं चर्चमध्ये जाणार, तिथं बाकीची पोरं नव्या कपड्यांत असणार. तुला जो साधेपणा वाटतो, तो त्यांना कमीपणा वाटणार. साधेपणा एकट्यानं केला तर ती गरिबी दिसते, सगळ्यांनी मिळून केला तर ती रीत होते. रीत पाळताना कुणाची मान खाली जात नाही.

मला वाटते, या वादातले सगळ्यांत मोलाचे वाक्य हेच आहे, आणि त्याला जुना व भक्कम आधार आहे. नाताळची गोष्ट आपण गव्हाणीपाशी संपवतो. मेंढपाळ आले, मागी आले, सोने, ऊद आणि गंधरस ठेवून गेले, एवढेच डोळ्यांसमोर राहते. पण लूकच्या शुभवर्तमानात पुढे काही दिवसांनंतरचा एक प्रसंग आहे, आणि कमी पैशांत सण करणाऱ्याने तो मुद्दाम वाचावा. मूल झाल्यावर आईच्या शुद्धीकरणासाठी अर्पण द्यायचा नियम होता. योसेफ आणि मरिया यरुशलेमच्या मंदिरात बाळाला घेऊन गेली आणि त्यांनी अर्पण केली ती दोन पाखरे, होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची पिले. हा तपशील वाटतो त्यापेक्षा जास्त बोलका आहे. बायबलातल्या लेवीय या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात मूळ नियम एका कोकराचा आणि एका पाखराचा आहे. जिला कोकरू परवडत नाही, तिने दोन पाखरे आणावीत अशी त्याच नियमात सोय आहे. म्हणजे ख्रिस्ताच्या आईबापांनी दिलेले अर्पण गरिबांच्या यादीतले होते. होला आपल्याकडेही अनोळखी नाही. विजेच्या तारेवर, बाभळीवर, खळ्यातल्या दाण्यांवर बसणारा तो राखी पक्षी सोनारीतल्या कोणत्याही लेकराला ओळखता येईल.

या प्रसंगातून दोन गोष्टी निघतात. एक, कमी पैशांचा नाताळ हा खऱ्या नाताळची उणी आवृत्ती आहे, ही समजूत मुळातच चुकीची ठरते, कारण ज्या घरात तो जन्म झाला त्या घराचाच हात आखडता होता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्या नियमाने गरीब बाईला ‘तू काही आणू नको’ असे सांगितले नाही, आणि ‘कर्ज काढून कोकरू आण’ असेही सांगितले नाही. तिच्या ऐपतीचे अर्पण रीतीतच लिहून ठेवले, आणि दोन पाखरे घेऊन ती इतरांच्या रांगेत उभी राहिली. आपल्या मराठीत यासाठी नेमका शब्दप्रयोग आहे : फूल नाही फुलाची पाकळी. पाकळी देणाऱ्याला रीतीने रिकाम्या हाताने पाठवलेले नाही आणि फुलासाठी अडवूनही धरलेले नाही. नाताळच्या खर्चाचा विचार इथून सुरू करायला हवा. मंडळीने, वस्तीने किंवा चुलत्यामालत्यांच्या गोतावळ्याने आधीच बसून ठरवावे की यंदा प्रत्येक लेकराला एकच लहान वस्तू, मोठ्यांनी एकमेकांना काही नाही. ज्यांना जास्त परवडते त्यांनी हे आधी मान्य करावे, कारण त्यांच्या हौसेचे ओझे शेजारच्या घरावर पडते. त्यांनी हात आवरला तर पान सोने होते.

भाचा : हे मान्य. पण मग खरा खर्च कुठं होतो तेही बघू. भेटींपेक्षा जास्त पैसे जातात फराळाला. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, वर आता केकही आलाय. तेल, साखर, खोबरं, रवा यांचे भाव तुला माहीत आहेत. घरच्यांपुरतं केलं तर भागेल, पण आपण आळीभर ताटं वाटतो. वीस घरं धरली तर घाणे काढून काढून जीव जातो. काटकसरच करायची तर ही वाटावाटी आधी बंद करायला हवी. त्यातली निम्मी घरं तर ख्रिस्तीही नाहीत. त्यांना आपल्या सणाचं काय?

मावशी : सगळ्यांत शेवटी तोडायची गोष्ट तू आधी तोडायला निघालास. जी घरं ख्रिस्ती नाहीत, त्यांच्याकडून दिवाळीला आपल्याकडं ताट आलं होतं की नाही? ईदेला शीरखुर्म्याचा डबा आला होता की नाही? नाताळ हा ती भांडी भरून परत करायचा दिवस आहे. आपल्याकडं शेजाऱ्याची वाटी कुणी रिकामी परत देतं का? घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालून देतात. ताटातल्या करंज्या कमी कर. चारच्या जागी दोन ठेव, केक करू नको, चकली सोडून दे. पण घरं कमी करू नको. घर गाळलंस की त्या घराला वाटतं आपण काही चुकलो.

मावशीच्या या वाटीमागे एक मोठा विचार आहे. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ साली देणग्यांवर प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात अनेक समाजांच्या चालीरीती तपासून दाखवले की देणे हा एकेरी व्यवहार नसतो. देणे, स्वीकारणे आणि परत देणे अशी तीन कर्तव्ये त्यात एकत्र गुंफलेली असतात, आणि त्यांतूनच माणसे एकमेकांना बांधली जातात. वाटी रिकामी परत न देणारी बाई हेच तत्त्व रोज पाळते. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतही नाताळात नेवऱ्या, दोदोल असे गोडधोड शेजारीपाजारी वाटतात, आणि त्यात धर्माची चौकशी नसते. देवळाच्या गावात राहणाऱ्या एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाला नाताळचे ताट म्हणजे गावातल्या आपल्या जागेची दरवर्षीची सही आहे. घरातल्या घरात दिलेली वस्तू गावाशी असा धागा जोडू शकत नाही.

भेटींचा इतिहासही मावशीच्याच बाजूने बोलतो. नाताळशी जोडलेल्या जुन्या गोष्टींत भेट नेहमी घराबाहेर गेलेली दिसते. मागी लोकांनी आपली भेट परक्या देशातल्या, परक्या घरच्या बाळाला दिली. सेंट निकोलस हा चौथ्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानातल्या मायराचा बिशप. त्याच्याबद्दलची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका अशी की एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्ने हुंड्यावाचून अडली होती, आणि त्याने रात्री गुपचूप त्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. सांताक्लॉज ज्याच्यावरून घडला, त्याची मूळ भेट ही होती : शेजारच्या अडलेल्या घराला, नाव न सांगता. १८४३ साली आलेल्या चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’मध्ये गरीब क्रॅचिट कुटुंबाच्या नाताळात भेटवस्तू नाहीत. एक भाजलेले हंसपाखरू आहे, एक पुडिंग आहे आणि सगळे एका टेबलाभोवती आहेत. झाडाखाली आपल्याच लेकरांसाठी खोक्यांचा ढीग, ही मध्यमवर्गाच्या घरांत आणि दुकानांच्या काचांमागे एकोणिसाव्या शतकात वाढलेली चाल आहे. तिचा पाया श्रद्धेपेक्षा बाजारात अधिक खोल आहे. म्हणून कात्री लावायचीच असेल तर क्रम असा असावा : मोठ्यांनी मोठ्यांना द्यायच्या वस्तू आधी जाव्यात, मग लेकरांच्या महागड्या वस्तू, मग ताटातले पदार्थ. ताट जाणारी घरे मात्र शेवटपर्यंत गाळू नयेत.

यावर कोणी म्हणेल की स्वतःच्या लेकराला काही न घेता शेजाऱ्यांना करंज्या वाटणे हा मोठेपणाचा हट्ट झाला. हा आक्षेप टाळता येत नाही, आणि मावशीची पिपाणी इथे पुन्हा आठवायला हवी. लेकराला काहीच मिळू नये असे नाही. मिळावे ते लहान असावे, आणि त्यात त्याचा स्वतःचा हात असावा. दारावर लावायच्या चांदणीचेच उदाहरण घ्या. बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या, पाच आखूड तुकडे, दोरा, पतंगाचा कागद आणि मैद्याची खळ, एवढे सामान पुरते. पाच कामट्यांची एक चांदणी बांधायची, पाचांची दुसरी. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोके दोऱ्याने आवळायची आणि मधे जिथे कामट्या एकमेकींना छेदतात तिथे आखूड तुकडे खोचायचे, की सपाट चांदणी एकदम फुगते. त्या क्षणी लेकराच्या चेहऱ्यावर जे उमटते ते दुकानातल्या खोक्याने उमटत नाही, कारण खोके उघडण्यात त्याने काही केलेले नसते. मग कागद चिकटवायचा, आत बल्ब सोडायचा, आणि चांदणी दारावर चढली की आळीला कळते की या घरी नाताळ आला. देखाव्याचेही तसेच आहे. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला तेव्हा त्याने गवत, गव्हाण, बैल आणि गाढव एवढेच आणवले. सोनारीच्या प्रत्येक गोठ्यात खरी गव्हाण आहे, दारात कडबा आहे, आणि पोळ्याला आणलेली मातीची बैलजोडी फळीवर ठेवलेली असते. ती खाली काढली की देखावा अर्धा झालाच. ज्या गोष्टीसाठी शहरात प्लॅस्टिकचे संच विकत घेतात, ती या गावात मुळातच हजर आहे.

भाचा : ऐकायला छान वाटतं. पण घरी केलेलं स्वस्त असतं ते कुणाच्या जिवावर, हेही सांग. करंज्या रात्री बारापर्यंत लाटते ती बाई, आणि पहाटे उठून कामाला जाते तीही तीच. कोयत्यावरच्या बाईला चांदणी करत बसायला वेळ कुठून येणार? दुकानातलं महाग म्हणून घरी करायचं ठरवलं, तर पैसे वाचतात घराचे आणि पाठ मोडते एकटीची. तिच्या कष्टाचा भाव कुणी लावलाच नाही, म्हणून ते फुकट दिसतं.

मावशी : हे मात्र तू खरं बोललास, आणि हे मला पुष्कळ आधी दिसायला हवं होतं. मग रीत ठरवताना हीही रीत ठरू दे. सारण एका घरात, लाटणं दुसऱ्या घरात, तळणं मंडळीच्या अंगणात एकाच कढईत, आणि झाऱ्या पुरुषाच्या हातात. जिथं हे जमत नाही, तिथं करंजी सोडून द्या आणि ताटात गूळ-शेंगदाणे ठेवा. ताट गेलं पाहिजे, करंजी गेलीच पाहिजे असं नाही. बाईला मोडून केलेली काटकसर ही काटकसर नव्हे, ते तिच्याकडून काढलेलं कर्जच आहे.

इथे दोघे एकमेकांच्या जवळ येतात, आणि मला जे म्हणायचे आहे तेही इथेच पुरे होते. ऋण काढून सण करू नये, या म्हणीतले ऋण फक्त सावकाराचे नसते. गटाचा हप्ता हे ऋण आहे, लेकराची खाली गेलेली मान हे ऋण आहे, बाईची रात्रभराची जाग हेही ऋण आहे. सण करताना यांतले एकही वाढू नये, हीच काटकसरीची खरी कसोटी. ती लावली तर पैसे किती खर्च झाले हा प्रश्न दुय्यम ठरतो. वस्तू विकत न घेताही एखादे घर या कसोटीत नापास होऊ शकते, आणि एखादी पिपाणी घेऊनही दुसरे घर उत्तीर्ण होऊ शकते.

ज्या गोष्टींना ऋणच लागत नाही, त्यांचा साठा मराठी नाताळात पुष्कळ आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर आयुष्यभर त्यांचा आग्रह होता की मराठी माणसाने ख्रिस्ताची भक्ती मराठी वळणाने करावी, ओवी, अभंग, भजन, कीर्तन यांतून. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली. त्या आग्रहाकडे आपण नेहमी धर्म आणि साहित्य या नजरेने पाहतो. खर्चाच्या नजरेने पाहिले तरी तो तितकाच शहाणपणाचा आहे. टाळ-मृदंग गावात असतोच, गळा प्रत्येकाला असतो, आणि भजनाला बसलेल्या माणसाने कोणते कपडे घातलेत हे अंधारात कोणी पाहत नाही. नाताळच्या दिवसांत रात्री गाणी म्हणत घरोघर फिरणारी मंडळी प्रत्येक दारात जाते. मोठ्या घरापुढे जास्त वेळ आणि झोपडीपुढे कमी असे ती करत नाही. भेटींच्या ढिगात लहान-मोठे ठरते, गाण्यात ते ठरत नाही.

आता त्या ओसरीवर काय ठरले ते सांगून थांबतो. मोठ्यांनी मोठ्यांना काही द्यायचे नाही, आणि हे चर्चमध्ये सगळ्यांच्या कानावर आधीच घालायचे. प्रत्येक लेकराला एक लहान वस्तू द्यायची, ती उधारीवर आणायची नाही. चांदणी पोरांनी करायची. तळायला भाच्याने बसायचे. ताटे वीसच्या वीस घरी जायची, प्रत्येकात दोन करंज्या आणि गुळाचा खडा. त्या दिवसांत रानात ज्वारी हुरड्याला आलेली असते. रीत जिवंत असेल तर त्या वीस ताटांतली काही हुरड्याने भरून परत येतील, एखाद्यात चिमूटभर साखरच असेल. ज्या घरून ते ताट येईल त्या घराने कोकरू द्यायला हवे होते असे कोणी म्हणणार नाही. होल्यांचा जोडा मंदिरात पुरला होता, तो आळीतही पुरेल.